कृपया उत्तर देऊ नये

देवाने पोस्टमास्तरांना चांगुलपणा ओंजळभर दिला आणि त्याच हातांनी विसराळूपणाही घातला. पोस्टमास्तर हे कचेरीने लाडाने पाडलेलं नाव. काम कंपनीचा मेल सर्व्हर सांभाळण्याचं.

बायको कवळ्या बनवणाऱ्या कारखान्यात. "दिवसातून एकदा तरी विचारपूस करत जा हो," एवढंच तिचं मागणं. दोन दिवस जमलं, तिसऱ्या दिवशी विसरले. मग त्यांनी चक्क एक स्क्रिप्ट लिहिली. जेवणाच्या सुट्टीत ती कंपनीच्या सर्व्हरवरून आपली आपण बायकोला मेल धाडायची. कधी 'जेवलीस का गं?', कधी 'पाठ दुखतेय का अजून?' बायको हरखली. लांबलचक उत्तरं येऊ लागली.

पुढे साहेबांनी फर्मावलं, "बिलांच्या मेलना गिऱ्हाइकं उत्तरं देत बसतात. स्क्रिप्टने जाणाऱ्या प्रत्येक मेलखाली सूचना टाका." पोस्टमास्तरांनी सर्व्हरवर तसा नियम लावला. आपलीही एक स्क्रिप्ट आहे, हे कुठलं आठवायला!

त्या दुपारी मेल गेला: 'जेवलीस का गं?' आणि खाली ठळक अक्षरांत, 'हा संदेश संगणकाने आपोआप पाठवला आहे. कृपया उत्तर देऊ नये.'

उत्तर आलं नाही. पोस्टमास्तरांनी गेलेला मेल उघडून पाहिला, तेव्हा खालची सूचना दिसली.

संध्याकाळी घरात पाऊल टाकत ते हळूच म्हणाले, "अगं, चहा मिळेल का?"

"हे उत्तर आपोआप दिलं आहे. कृपया पुन्हा विचारू नये."

"अगं, ऐक तरी!"

"यंत्राचं काय ऐकायचं?" बायकोचा आवाज जरा ओला झाला. "इतके दिवस मी मन मोकळं करत होते, ते वाचत कोण होतं? का त्यालाही यंत्रच बसवलंय?"

"मी वाचत होतो. एकूण एक."

"सोमवारी काय लिहिलं होतं?"

"साचा तुझ्या हातून पडला, बोलणी मैत्रिणीने खाल्ली, आणि तू गप्प राहिलीस. घास उतरला नाही म्हणालीस."

"मग घरी येऊन चकार शब्द नाही काढलात तो?"

"तोंडाने कसं विचारायचं, सुचेना. म्हणून भांडी घासली."

"तरीच! मला वाटलं, काहीतरी फोडलंत." आणि ती खुदकन हसली. "उद्यापासून यंत्राला सुट्टी. स्वतः फोन करायचा."

दुसऱ्या दिवशी जेवणं उरकून कचेरी जांभया देऊ लागली, तेव्हा पोस्टमास्तर दचकले आणि त्यांनी घाईघाईने फोन लावला.

"उशिरा का होईना," पलीकडून हसू आलं, "माणूस आला म्हणायचा!"