डावखुऱ्या डॉक्टरीणबाईंची खुर्ची

मित्रांनो, मला पाहून तुमच्या पोटात गोळा येतो, हे मला ठाऊक आहे. मी दातांच्या दवाखान्यातली एक जुनी खुर्ची आहे. पण माझी निवड झाली त्या दिवसाची गोष्ट ऐकाल, तर टाळ्या पिटाल!

कारखान्यात माझ्या पोटात मोटर बसली, पाठीवर गादी चढली आणि माझी रवानगी झाली थेट दुकानात. तिथे वर्षभर मी कोपऱ्यात धूळ खात होते. येणारी गिऱ्हाइकं शेजारच्या गुबगुबीत, चकचकीत खुर्चीवर लट्टू व्हायची.

एके सकाळी एक तरुण डॉक्टरीणबाई आपल्या आत्यांना घेऊन आल्या. त्यांना स्वतःचा दवाखाना थाटायचा होता. बाई डावखुऱ्या. दुसऱ्यांच्या दवाखान्यांत, उजव्या हातानं काम करणाऱ्यांसाठी बनवलेल्या खुर्च्यांशेजारी सहा वर्षं अंग पिळून काम करताना त्यांची पाठ पार धरली होती. हाडांच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, "असंच चाललं तर हे काम सोडावं लागेल."

दुकानदार चकचकीत खुर्चीचे गोडवे गाऊ लागला. बाईंनी विचारलं, "हिचा हत्यारांचा ट्रे डावीकडे येतो का?"

"होईल हो सवय, मॅडम!"

"सहा वर्षांत नाही झाली."

तेवढ्यात गुडघे दुखले म्हणून आत्या माझ्यावर टेकल्या. "अगं, ही बघ किती खाली येते! चढायला कष्टच नाहीत."

बाई धावत आल्या. त्यांनी माझा ट्रे ढकलला. तो गर्रकन फिरून डावीकडे आला! मागोमाग दिवा वळला, चूळ टाकायचं भांडंही वळलं! माझी मोटर आनंदानं घुमू लागली. बाई शेजारच्या स्टुलावर ताठ बसल्या आणि त्यांनी पर्समधला दात तपासायचा छोटा आरसा काढला.

"आत्या, आ कर!"

"इथं? दुकानात?"

"कर गं!"

आत्यांनी आ वासला. बाई आनंदानं ओरडल्या, "दिसतंय! जराही वाकावं लागत नाही! आणि आत्या, तुझी मागची दाढ किडलीये!"

दुकानदारासकट सगळे खो खो हसले. त्याच आठवड्यात मी दवाखान्यात आले.

आज एकवीस वर्षं झाली. माझी गादी दोनदा बदलली, पण बाईंनी काम सोडलं नाही. त्या रोज मला स्वतः पुसतात. तुम्हीही माझ्यावर बुटांच्या टाचा घासू नका हं. आणि मित्रांनो, वर्गातल्या बाकावर एखाद्या डावखुऱ्या मुलीचं कोपर तुम्हाला लागलं, तर खेकसू नका. थोडं सरकून बसा.