मुखपृष्ठावरची बकरी

संपादकबाईंना सोमवारी सकाळी आजोबांची सही हवी होती. रविवारचे चार वाजले होते आणि आजोबा अर्ध्या तासापासून एकच चष्मा पुसत होते. मला एका जागी बसवेना. घरात मला भिंगरी म्हणतात ते काही उगाच नाही.

आजोबांनी तरुणपणी 'कप्तान वावटळ' लिहिला. पन्नास पातळ पुस्तकं, खरखरीत कागदाची, बसस्टँडवर विकली जायची. पन्नासाव्या पुस्तकात कप्तान दीपस्तंभावरून समुद्रात पडला आणि मेला. आता मी त्याचं कॉमिक काढलंय. माझा कप्तान ड्रोनशी दोन हात करतो, पण मिशी तीच. आठ पानं बघून संपादकबाई म्हणाल्या, "छापते. मूळ लेखकाची परवानगी तेवढी आण." मला वाटलं, हात्तिच्या, मूळ लेखक तर आमच्याच घरात जेवतो.

"मेलेल्याला उठवू नये," आजोबा तिसऱ्यांदा म्हणाले.

"मग मारलात कशाला?"

"मी कुठं मारला? पेंटरनं मारला."

तेव्हा कळलं, की त्या काळी मुखपृष्ठ आधी व्हायचं आणि गोष्ट मागून. पेंटर म्हणजे आजोबांचा जिवलग मित्र. तो मनाला येईल ते रंगवायचा आणि चित्रातली प्रत्येक वस्तू आजोबांना गोष्टीत बसवावी लागायची.

"एकदा पठ्ठ्यानं वाळवंटात पियानो काढला. दोन दिवस डोकं धरून बसलो."

"बसला?"

"बसवला. पियानोत पाणी लपवलेलं होतं." ते हसले, आणि मग हसता हसता थांबले. "शेवटचं चित्र दीपस्तंभाचं. रंग वाळायच्या आत पेंटर गेला. कप्तानाला मी वाचवला असता गं. पण पुढचं चित्र आणणार कोण? मग म्हटलं, जा बाबा तूही."

मी माझ्या खोलीत आले. तीन फेऱ्या मारल्या, खिडकी उघडली, परत लावली. मग जाड कागद ओढला आणि काढत सुटले. समुद्र. छोटी होडी. होडीत चिंब भिजलेला कप्तान, मिशी दोन्हीकडून गळलेली. कोपरा रिकामा राहिला आणि हात काही थांबेना, म्हणून तिथं एक बकरी काढली.

कागद आजोबांच्या मांडीवर ठेवला आणि दाराला टेकून उभी राहिले. नखं खायची नाहीत असं स्वतःला बजावलं, आणि खाल्ली.

त्यांनी पुसलेला चष्मा नाकावर चढवला. मग म्हणाले, "ही बकरी कशाला?"

"माहीत नाही."

"समुद्रात बकरी? काही ताळतंत्र?"

"चित्रात आहे म्हणजे गोष्टीत आलीच पाहिजे. नियम तुमचा आहे."

"नियम पेंटरचा होता."

"आता पेंटर मी आहे."

आजोबा उठले. खिडकीपाशी गेले, परत आले, पुन्हा गेले. आई आतून म्हणाली, "बाबा, गुडघा दुखतोय ना तुमचा?"

"बकरीच्या गळ्यात दोरी आहे," त्यांनी चित्र नाकाशी धरलं. "तुटलेली दोरी. म्हणजे ती कुठून तरी सुटून आलीय. म्हणजे जवळपास बेट आहे. भिंगरी, कागद आण."

हाताला लागला तो परवानगीचाच कागद. त्याच्या कोऱ्या बाजूवर ते भराभरा लिहीत सुटले. बेट, विहीर, बकरीचा मालक. शाई सांडली तरी थांबेनात. दुसरा कागद देऊ का म्हणून विचारायचीही माझी टाप नव्हती.

संध्याकाळी त्यांनी कागद उलटला, सही केली आणि खाली एक अट लिहिली. संपादकबाई ती वाचून गोंधळतील, पण मी तिच्यातला एक शब्दही खोडणार नाही.

'बकरी कोणत्याही अंकात मरणार नाही.'