काळूच्या डोहातलं देवीचं दूध

शनिवारी सकाळी काळू नदीच्या डोहावर पाय ठेवायला जागा नव्हती. आंबिवली स्टेशनात गाडी थांबली की माणसं उतरत आणि शेताच्या बांधांवरून सरळ डोहाकडे निघत. १९५३ सालचा वैशाख होता, ऊन टाळूवर बसत होतं, तरी कुणी सावली शोधत नव्हतं. सगळ्यांना मासे आपण होऊन वर येताना पाहायचे होते.

आणि ते येत होते. मत्स्यानंद महाराजांनी शंख फुंकला की घटकाभरात पाण्यावर पांढरा फेस पसरे आणि मग वितीएवढे, हातभर मासे एकामागून एक उताणे होऊन तरंगू लागत. ना जाळं, ना गळ.

"पाहा, आईला पान्हा फुटला," महाराज म्हणत. "हा फेस म्हणजे तिचं दूध. जाळं टाकाल तर नेम मोडेल. पण आई स्वतःच्या हाताने ताट वाढते आहे, ते ताट नाकारायचं का?"

गावाला हेच ऐकायचं होतं. होळीपासून नारळी पौर्णिमेपर्यंत या डोहात जाळं टाकायचं नाही, असा जुना नेम होता. उन्हाळ्यात नदी आटते, खडक उघडे पडतात आणि उरलीसुरली मासळी या एकाच डोहात गोळा होते. पहिला पूर आला की ती वर चढते, अंडी घालते आणि नदी पुन्हा भरते. हे आज्यापणज्यांना ठाऊक होतं. पण त्यांनी नेम केला तो जाळ्याचा. देवीने आपण होऊन वाढलं तर काय करायचं, हे काही ते सांगून गेले नव्हते.

डोहाची राखण मालनच्या माहेरची. बाप गेल्यावर राखणीची काठी धाकट्या भावाकडे, उत्तमकडे आली. आई वारली तेव्हा उत्तम चार वर्षांचा होता. मालनने त्याला कडेवर वाढवला होता, आणि गावातच दिलेली असल्यामुळे लग्नानंतरही त्याच्या जेवणाकडे तिचं लक्ष असे. देवीने सपनात येऊन महाराजांना बोलवायला सांगितलं, असं उत्तम म्हणाला, म्हणून गावाने मान डोलावली. मालननेही हात जोडले. राखणदारच हो म्हणतो तर शंका कुणी घ्यायची?

प्रसादाचा मासा घरी आणून तिने विळीवर चिरला आणि तिचा हात थांबला. पोट अंड्यांनी गच्च भरलेलं होतं. "पोटुशी मासळी खाल्ली तर पुढचं साल उपाशी," बाप म्हणायचा.

ती तशीच उत्तमकडे गेली. "अरे, अंडी भरलीत सगळ्यांच्या पोटात."

"आई देते तर आपण कोन गं नाय म्हननारे?" उत्तम म्हणाला, पण बोलताना त्याने तिच्याकडे पाहिलं नाही.

उरलेला प्रसाद टोपल्यांत भरून बैलगाडीने कल्याणच्या एका व्यापाऱ्याकडे जात होता. देवीचा प्रसाद बाजारात कसा जातो, हे विचारायचं कुणाला सुचलं नाही. भक्तीने डोळे मिटले की टोपल्या दिसत नाहीत.

दुसऱ्या शनिवारी महाराजांनी तो फेस तीर्थ म्हणून वाटला. प्यायलेले सगळे काठावरच भडाभडा ओकले. "पाप बाहेर पडतंय," महाराज म्हणाले. शेजारच्या सखुबाईचं पाप तीन वेळा बाहेर पडलं आणि ती दोन दिवस अंथरुणावरून उठली नाही.

तिला पाहायला शाळेचे श्रीपाद मास्तर आले. हे कल्याणचे, गावात त्यांचं कुणी फारसं ऐकत नसे. मालन तिथेच पेज घेऊन बसली होती.

"आमच्या आळीतले वैद्य ओकारी काढायची असली की गेळफळ देतात," मास्तर म्हणाले. "गेळ पाण्यात कुटलं की फेस येतो आणि मासा गुंगतो. पण एवढ्या डोहाला पुरतील इतकी गेळं आणायची कुठून?"

मालनने पेजेची वाटी खाली ठेवली. तांदळाला कीड लागू नये म्हणून ती दर चैत्रात कणगीत टाकायला गेळं आणत असे. यंदा रानातली झाडं ओरबाडलेली होती. तिने विचारलं तेव्हा उत्तम म्हणाला होता, वानरांनी खाल्ली असतील. वानर गेळाला तोंड लावत नाही. हे तिला तेव्हाच कळायला हवं होतं, पण भाऊ बोलला म्हणून तिने पुढे विचारच केला नव्हता.

तिसऱ्या शनिवारी उजाडताच ती डोहाच्या वरच्या अंगाला उतरली. सोवळ्याची जागा म्हणून महाराजांनी तिथे जायला सगळ्यांना बंदी केली होती. गुडघाभर पाण्यात तिच्या पायाला दोर लागला. ओढला तर पोतं वर आलं, ठेचलेल्या गेळांनी भरलेलं, भोवती फेसच फेस. पोत्याला हिरवं ठिगळ होतं. तिच्या लग्नातल्या लुगड्याचं, तिनेच शिवलेलं. दिवाळीत उत्तमने कोंडा भरायला म्हणून मागून नेलेलं पोतं ते. मालन तिथेच पाण्यात बसली आणि रडली. मग पोतं उचलून ती मास्तरांकडे गेली.

गर्दी जमली तेव्हा मास्तरांनी काठावर दोन घंगाळं ठेवली. दोन्हींत डोहाचं पाणी आणि चार-चार जिवंत मासे. एकात साध्या पोत्याचा तुकडा बुडवला, दुसऱ्यात मालनने आणलेला चोथा पिळला. शंख कुणी फुंकला नाही. थोड्या वेळाने दुसऱ्या घंगाळात फेस चढला, मासे तोंड वासू लागले आणि चारही उताणे झाले. पहिल्या घंगाळातले पोहतच होते.

"हा आईचा अपमान आहे," महाराज ओरडले.

"घंगालात पन आई आली काय रे बुवा?" सखुबाई मागून म्हणाली.

लोक हसले. महाराजांना एकाएकी कल्याणचं काम आठवलं, पण चौघांनी त्यांना शंखासकट धरून ठेवलं.

मास्तरांनी पोतं वर धरलं. "पोतं पाण्यात राहिलं की रस सुटतो. उन्हाळ्यात धार नाही, म्हणून डोहभर पसरतो. वरच्या अंगाला फेस दिसू लागला की हे शंख फुंकायचे. देवीवर रागावू नका, ती यात नाहीच. जे दिसतं ते कशामुळे होतं, एवढं विचारत चला. ज्याला विचारलेलं खपत नाही, त्याच्यापाशी लपवण्यासारखं काही असतं."

मालन ऐकत नव्हती. तिने ठिगळावर बोट ठेवलं. "हे कुनाचं, उत्तम?"

उत्तमने काठी या हातातून त्या हातात घेतली. "व्यापारी म्हनला, वाटा देईन. मला वाटलं, नदीत मासं काय संपतात?"

"काठी दे," ती म्हणाली.

त्याने दिली.

श्रावणात नारळी पौर्णिमेला गावाने डोहाला नारळ वाहिला आणि जाळी टाकली. पाऊस भरपूर झाला होता, नदी दुथडी वाहत होती. जाळ्यांत पाला आला, काटक्या आल्या आणि बोटाएवढे तीन मासे. मालनने ते तिन्ही परत पाण्यात सोडले. त्या रात्री गावात कुणाच्या घरी मासळी शिजली नाही. त्याचा दोष द्यायला आता महाराजही नव्हते. ताट रिकामं का, हे ज्याने त्याने स्वतःलाच विचारायचं होतं, आणि ते विचारायला तीन शनिवार उशीर झाला होता.

उत्तम तिच्यामागे येऊन उभा राहिला. "बाय, पुढल्या साली तरी येतील ना गं?"

मालनने राखणीची काठी उचलली आणि वळून न बघता म्हणाली, "मला काय इचारतो? शंख फुंक."