विटेतले स्वेटर

वाडीतल्या ओढ्याला पूर आला आणि इत्तोच्या स्वयंपाकघराची मातीची भिंत बसली. मुलगा हद्दू कासाब्लांकाहून महिन्याची रजा टाकून धावत आला. "झालं समाधान? बांध गाठोडं, चल माझ्याबरोबर."

"तिसऱ्या मजल्यावर? मी काय कबूतर आहे?" इत्तो कडाडली. "तुझी रजा संपायच्या आत विटा झाल्या, तर मी इथंच राहणार."

पण बासू गवंडी महाहेकट! चिखलात सातूचं काड मिसळल्याशिवाय पाडलेली वीट रचायची नाही, हा त्याचा हट्ट. यंदा तर सातू उगवलाच नव्हता. मग इत्तोनं पेटी उघडली. हद्दूनं दर सणाला शहरातून आणलेले जुन्या बाजारातले अकरा स्वेटर तिनं उसवले, काडाऐवजी ती लोकर चिखलात तुडवली आणि विटा पाडून वाळत घातल्या.

बासूची परीक्षा ठरलेली. वीट डोक्याच्या उंचीवरून टाकायची, आणि टाकायची ती ज्याला घर नकोय त्यानं. म्हणजे लबाडीला जागा नाही. हद्दूनं आनंदानं टाकली. विटेचे चार तुकडे धाग्यांना लोंबकळत राहिले.

"ही वीट की गळ्यातली माळ?" बासू खो खो हसला. "इत्तोबाई, हातभर धागे कशाला? आत नुसता गुंता झालाय. बोटभर काप."

कापायचं? चाळीस वर्षं मागावर बसलेल्या बाईनं? अखंड धागा हीच तर तिची ऐट! "आई असती तर तिनं माझे हात तोडले असते," ती पुटपुटली आणि कडू काढा प्यायल्यासारखं तोंड करून कात्री चालवू लागली.

दहा दिवसांनी हद्दूनं नवी वीट जीव खाऊन आपटली. धप्प! नुसती धूळ उडाली. पुन्हा आपटली. एक टवका उडाला, बस्स.

"हरलास की रे बाळा!" इत्तोनं टाळी वाजवली.

हद्दू हसला नाही. पंचेचाळिशीचा बाप्या, विटेकडे बघत उभा राहिला. "म्हणजे मी एकट्यानंच परत जायचं? बायको सोडून गेल्यापासून त्या घरात बोलायलासुद्धा कुणी नाही गं, आई."

इत्तोला आजवर वाटत होतं, हा आपल्याला सांभाळायला नेतोय. तिनं डोक्यावरच्या रुमालाच्या टोकानं नाक पुसलं.

"बासूदादा," ती म्हणाली, "नुसत्या भिंतीचं नको. शेजारी आणखी एका खोलीचं माप घे."