चाळिसांना एक

वर्षाच्या पहिल्या पौर्णिमेला गावचा ताफा घरोघरी वाजवत फिरे, तेव्हा तेसप गळ्यात जांग्गू ढोल अडकवून घामाघूम होई. त्याची बायको बुनिम मात्र परातीएवढ्या काशाच्या थाळीवर, जिंगवर, आवर्तनाला एकच टोला देई.

"मी चाळीस मारतो, तू एक. जेवतो मात्र सारखंच," तो चिडवी.

"तुमचे चाळीस भरकटतात, म्हणून एक लागतो," ती म्हणे.

यंदा बुनिम नव्हती, आणि जिंगशिवाय ताफा निघत नाही. म्होरक्या हाकसूदादाने जिंग तेसपच्याच हाती दिलं.

"यात काय वाजवायचंय?" म्हणत तेसपने दणका दिला. आवाज फाटला. ढोलवाले अडखळले.

"फोडतोस का रे? झोपलेल्याला हलवतात तसं हलव. आणि आधी ऐक," हाकसूदादा म्हणाला.

जिंग वाजवायच्या दांडक्याच्या टोकाला बुनिमच्या जुन्या घागऱ्याचं कापड गुंडाळलेलं होतं. तेसप थांबला. ढोलाचा एकेक ठोका कान देऊन ऐकला, आवर्तन फिरून येताच हलकेच टोला दिला. नाद लांबत गेला, शेवटी वर चढला, आणि साऱ्या ताफ्याची पावलं एकदम पडली.

म्हणजे तीस वर्षं ती त्याचे चाळीसच्या चाळीस ठोके ऐकत उभी होती.

"दादा," तो म्हणाला, "पुढच्या घरीही मीच धरतो."