हळद्याच्या खाऊचा डबा

मित्रांनो, माझ्या अंगावरचे चित्र आता निम्मे उडाले आहे आणि झाकणाला गंज धरला आहे. तरी मला नाकाजवळ नेलेत तर मी कोण ते वासावरून लगेच कळेल. मी माशांच्या खाऊचा पत्र्याचा डबा आहे.

कारखान्यातले दिवस मला फारसे आठवत नाहीत. माझ्यात तपकिरी दाणे भरले, तोंडावर चकचकीत कागद चिकटवला आणि खूप प्रवास करून मी हैदराबादला आलो. कोठी नावाच्या बाजारपेठेतल्या ख्वाजाभाईंच्या दुकानात फळीवर बसलो. तिथून मला इंदुताईंनी उचलले.

काचीगुड्याला त्यांच्या बाहेरच्या खोलीत खाऱ्या पाण्याची मोठी काचपेटी होती. तिच्यात एक समुद्री मासा होता, पिवळाधमक आणि बशीसारखा चपटा. त्याचे नाव हळद्या. इंदुताई सकाळी त्याला माझ्यातले दाणे घालत. दुपारी समुद्री शेवाळाचा हिरवा कागदासारखा तुकडा चिमट्याने काचेला लावत. हळद्या तो शेळीसारखा ओरबाडून खाई.

"खा रे बाबा," त्या म्हणत. "या घरात पालेभाजीला नावं न ठेवणारा तू एकटाच."

हा टोमणा त्यांच्या यजमानांना, एकनाथरावांना असे. पण तो ऐकायला ते घरी नसत. सुलतान बाजारात कापडाच्या दुकानावर ते दिवसभर कामाला होते. हळद्याला दुपारी काय मिळते, हे त्यांना ठाऊकच नव्हते.

मला उघडून दोन महिने झाले आणि इंदुताई आजारी पडल्या. दवाखान्यातून त्या परत आल्या नाहीत.

एकनाथरावांनी दुकान सोडले. गेलेल्या माणसाचे वर्ष पाळायचे, अशी त्यांच्या घरची रीत होती. वर्षभर सण नाही, गोडधोड नाही, घरात नवी वस्तू नाही. दिवाळीला त्यांनी फाटका टॉवेलसुद्धा बदलला नाही. मीही त्या नियमात सापडलो. तिने उघडलेला डबा आहे, वर्षश्राद्धापर्यंत पुरवायचा, असे त्यांनी ठरवले. रोज मोजून सहा दाणे काढायचे, झाकण घट्ट लावायचे आणि मला पंच्याने पुसून जागेवर ठेवायचे.

खोटे कशाला सांगू? मला फार बरे वाटायचे. पत्र्याच्या डब्याला इतके कोण जपते? पण माझ्या पोटातले मला ठाऊक होते. डबा उघडला की हवा लागते आणि काही महिन्यांत दाण्यांतला कस उडून जातो. मी अर्धा भरलेला दिसत होतो, पण देण्यासारखे माझ्याजवळ काही उरले नव्हते.

हळद्याचा रंग उतरला. पोट खपाटीला गेले. डोळ्यांभोवती सुईने टोचल्यासारखे बारीक खड्डे पडले आणि ते कल्ल्यांकडे पसरू लागले. तो एका कोपऱ्यात तोंड घालून राहू लागला. एकनाथराव काचेसमोर खुर्ची घेऊन बसत. एकदा हलक्या आवाजात म्हणाले, "तूपण निघालास का रे?"

रविवारी त्यांची मुलगी माधवी आली. चप्पल काढतानाच तिचे लक्ष पेटीकडे गेले.

"बाबा, अहो, याचं तोंड बघा कसं झालंय! खायला काय घालता याला?"

त्यांनी मला पुढे केले. तिने झाकण काढून वास घेतला आणि नाक मुरडले.

"हा कधीचा हो?"

"तुझ्या आईनं उघडलेला."

"म्हणजे वर्ष झालं की डब्याला!"

"तिला जाऊन दहाच महिने झालेत. वर्ष होईपर्यंत घरात नवं काही यायचं नाही."

"बाबा, दुखवटा आपल्याला आहे. त्या मुक्या जिवाला कशाला पाळायला लावता?"

"तिच्या हातचं शेवटचं आहे ते. मी फेकणार नाही," एकनाथराव ओरडले.

माधवी रडायला लागली. "दुकानदारालाच विचारू," ते शेवटी म्हणाले. थोड्या वेळाने त्यांनी मला पिशवीत घातले आणि दोघे कोठीला निघाले.

माधवीने आई गेल्याचे सांगितले आणि ख्वाजाभाईंनी तिच्या फोनवर हळद्याचा फोटो पाहिला. मला उलटेसुलटे केले.

"क्या चाचा, ये खिलारैं? डब्बा खोले बाद चार महिने बस. अब तो ये भूसा है. और हरा कौन देरा इसकू? घास खाने वाली मछली है ये. अम्मा हर महिने दो पाकिट ले जाते थे."

"हरा?" एकनाथरावांनी मुलीकडे पाहिले. तिलाही ठाऊक नव्हते.

"बचेगा क्या?" त्यांनी विचारले.

"खाया तो बचेगा. पन ये डब्बा नक्को अब. अम्मा होते तो कब का फेंक देते. मेरे कू कित्ता डाँटते थे, पुराना माल कायकू रखे बोलके!"

 एकनाथरावांनी मला काउंटरवर ठेवले आणि ते म्हणाले, "नवा दे दो. और वो हरा भी."

मला परत घरी आणून त्यांनी माझे दाणे स्वतःच्या हाताने कचऱ्यात ओतले. नव्या डब्याच्या झाकणावर पेनने तारीख लिहिली. ख्वाजाभाईंनी सांगितले तसे आता दिवसातून तीनदा थोडे थोडे दाणे द्यायचे, जीवनसत्त्वाच्या थेंबांत भिजवून. दुपारी शेवाळ.

पहिले दोन दिवस हळद्या शेवाळाकडे फिरकला नाही. एकनाथराव संध्याकाळी तुकडा काढत आणि दुसऱ्या दिवशी ताजा लावत. तिसऱ्या दिवशी त्याने एक कोपरा तोडला. एकनाथराव फोनवर माधवीला एवढेच म्हणाले, "खाल्लं गं." 

खड्डे भरायला वेळ लागला. काही व्रण अजून आहेत. पण पोट भरले, रंग परतला, आणि पेटीत तो पुन्हा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरू लागला.

वर्षश्राद्धाच्या दिवशी विधी लांबले. दुपार झाली, तसे एकनाथराव अर्ध्यातून उठले.

"कुठे निघालात?" गुरुजींनी विचारले.

"दोन मिनिटं थांबा, गुरुजी. घरात एक जण जेवायचा राहिलाय."

त्यांनी हात धुऊन काचेला शेवाळ लावले. हळद्या धावत आला. मग ते पाटावर परत बसले.

मित्रांनो, मी आता रिकामा आहे. सोमवारी आमच्या गल्लीत भंगारवाला येतो. एकनाथराव मला त्याच्याकडे देतील की ठेवून घेतील, मला माहीत नाही. दिले तर मला वाईट वाटणार नाही. तुमच्याही घरात माझ्यासारखी एखादी वस्तू असेल. तिला पुसा, तिच्याजवळ बसून रडावेसे वाटले तर रडा. पण तिच्यापायी कुणाला उपाशी ठेवू नका.