पाळकांच्या जागी

“नेमसिंगभाऊ, माह्यानं होत नाही. पाळकसाहेबायच्या जागी मी कशी उभी राहू?” चर्चच्या मागच्या दाराशी उभी राहून मोतीबाई म्हणाली.

“मंग सांगू का लोकायले, जा म्हणून घरी?” नेमसिंग म्हणाला. तो मंडळीच्या कमिटीचा सेक्रेटरी, नियमाला भलता पक्का. “दोन महिने उपासना बंद हाय. आज बी झाली नाही, तं यवतमाळची मोठी कमिटी इथं कुलूप लावते. पुढच्या रविवारपासून जा सारे यवतमाळले. ह्या म्हाताऱ्या माणसायनं कसं जावं, तुमीच सांगा.”

दारव्ह्याच्या त्या मंडळीत माणसं जेमतेम तीस. मोतीबाई आठवडाभर शाळेत खिचडी शिजवायची. दोनशे पोरांना पंगतीत बसवताना तिचा आवाज रस्त्यापर्यंत ऐकू जाई, पण इथे पुढे उभं राहायचं म्हटलं की ती मागच्या बाकावर जाऊन बसे. तरी चर्चचे धर्मगुरू, सेवादास पाळक, यांनी नेमकं तिलाच धरलं. माणूस तयार करायची त्यांची रीत सरळ होती. “पयले मी करतो, तू पाह्य. मंग तू कर, मी पाह्यतो.” दोन वर्षं त्यांनी तिच्याकडून प्रार्थना करून घेतल्या, शास्त्रवाचन करून घेतलं. ती अडखळली की शेजारी बसून ते हळूच पुढचा शब्द सांगायचे. तेवढ्या भरवशावर बिचारी उभी राहायची.

दोन महिन्यांपूर्वी पाळकांना लकवा मारला. उजवा हात गेला, वाचाही गेली. आज त्यांना चाकाच्या खुर्चीवरून आणून पहिल्या रांगेत बसवलं होतं.

मोतीबाई पुढे गेली. गीत कसंबसं निभावलं. वाचताना मात्र एक ओळ हरवली. सवयीनं तिनं पाळकांकडे पाहिलं. त्यांचे ओठ हलले, पण आवाज फुटला नाही. पुस्तक तिथेच टाकून पळत सुटावं, इतकी भीती तिला नवरा गेला तेव्हाही वाटली नव्हती. तिनं पानावर बोट ठेवलं, ओळ शोधली आणि पुढे वाचत राहिली.

शेवटी आशीर्वादाची वेळ आली. भीतीनं तिला काही सुचेनासं झालं होतं. मग दर रविवारी जे पाहिलं, तेच तिच्याकडून झालं. तिनं दोन्ही हात लोकांवर उचलले.

नेमसिंग ताडकन उठला. हात उचलून आशीर्वाद द्यावा तो दीक्षा झालेल्या पाळकानंच. इतरांनी हात जोडून नुसती प्रार्थना म्हणायची.

“मोतीबाई, हात खाली घ्या! तो मान पाळकसाहेबायचा हाय.”

पाळकांची दोन वर्षांची मेहनत आपण मातीत घातली, असं तिला वाटलं. सगळे तिच्याकडे पाहत होते.

“चुकलं माहं, पाळकसाहेब,” ती पुटपुटली.

पाळक तिच्याकडे बघत होते. मग त्यांनी डाव्या हातानं आपला लुळा उजवा हात उचलला, मांडीवर नीट ठेवला, आणि तिच्यापुढे मान खाली घातली. वीस वर्षं त्यांनी इथे आशीर्वाद दिला होता. आज ते तो घ्यायला बसले.

नेमसिंग खाली बसला.

मोतीबाईनं रडत रडतच आशीर्वाद पुरा केला. पाळकांची मान वर होईपर्यंत तिनं हात खाली घेतले नाहीत.